शनिवारची साक्ष

तारीख शनिवारची पडली हे ऐकलं आणि इझिकेलकाकांनी तोंडाजवळ नेलेला चहाचा कप तसाच परत खाली ठेवला.

"दुसरी नाय मिळायची?" त्यांनी विचारलं.

अंतरा वकील ओटीवरच्या खुर्चीत बसली होती. पेणहून स्कूटरवर रोह्याला आली होती. केसांत धूळ, मांडीवर फाइल.

"मागून बघितली, काका. जज्जसाहेबांची बदली झालीय. महिनाअखेरीला ते जाणार. तुमची साक्ष घ्यायची परवानगी त्यांनीच दिलीय. नवीन साहेब आले आणि म्हणाले, हा साक्षीदार खालच्या कोर्टात आला नव्हता, आता कशाला हवा, तर संपलं. मग ते नुसते जुने कागद वाचतील. आणि जुन्या कागदांत तुम्ही इस्रायलला पळून गेलेले आहात."

"शनिवारी कोर्ट उघडं असतं?"

"दुसरा आणि चौथा सोडला तर असतं."

ओटीच्या पायरीवर विष्णू बसला होता. तीन वर्षांची शिक्षा त्याच्या डोक्यावर टांगलेली होती. अपील चालू आहे तोवर जामिनावर मोकळा, एवढंच. तो मान खाली घालून म्हणाला, "काका, नको. तुमचा शब्बाथ मोडून मला सुटायचं नाय."

"तुम्ही गप ऱ्हा," कुंपणापलीकडून त्याची बायको नूतन म्हणाली. ती कपडे वाळत घालत होती, पण कान इकडेच होते. "मोठे आले देवमाणूस. जेलात तुमच्याबरोबर मी येणार हाय काय?"

काकांनी थंड झालेला चहा कुंडीत ओतला.

विष्णूचं घर आणि काकांचं घर यांच्यामध्ये फक्त एक जास्वंदीचं कुंपण होतं. विष्णूच्या आज्यापासूनची रीत अशी, की शनिवारी इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरातला दिवा लावायचा तो कुंपणापलीकडच्या माणसाने. शुक्रवारचा सूर्य बुडाला की शनिवारी तारे दिसेपर्यंत शब्बाथ, विसाव्याचा दिवस; तेवढ्यात काका आगीला हात लावत नसत, लिहीत नसत, गाडीत बसत नसत. दुसऱ्याला कर म्हणून सांगायचंही नाही. म्हणून काका हवेशी बोलत. खिडकीशी उभे राहून म्हणत, "अंधार झाला वाटतं." मग विष्णू येऊन बटण दाबी आणि जाताना म्हणे, "हवेने बोलावलं म्हणून आलो हां, तुमच्यासाठी नाय."

काकांची बायको दीनाकाकी गेल्या त्याही शनिवारीच. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. इस्रायलांमध्ये मयत एकटं सोडत नाहीत आणि शनिवारी मातीही देत नाहीत. विष्णूने घरातल्या फोनवरून पेणला आणि ठाण्याला निरोप दिले, पण तारे निघाल्याशिवाय तिकडचे लोक गाडीत बसणार नव्हते. ते आले रात्री. तोवर घरात मयत, काका आणि विष्णू, एवढेच.

आणि त्याच दिवशी पाचच्या सुमाराला पेणमध्ये एका गणपतीच्या कारखान्याच्या मागच्या दारी केरू नावाच्या राखणदाराच्या डोक्यात कोणीतरी पहार घातली. केरू मरता मरता वाचला. त्याने मारणारा पाठमोरा पळताना बघितला होता. खाकी शर्ट, विष्णूसारखी अंगलट. आठवडाभर आधीच विष्णूचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. विष्णू टेम्पोत मूर्ती भरत असताना एका गणपतीचा हात मोडला, केरूने शिवी घातली, आणि विष्णू चार माणसांसमोर म्हणाला होता, "तुला बघून घेतो." त्यात विष्णूचा मोबाइल त्या दिवशी पेणमध्ये होता. तो नूतन माहेरी घेऊन गेली होती. पण बायकोचं कोण ऐकतो?

केरू खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि अडचण तीच होती.

विष्णूने पहिल्या दिवसापासून सांगितलं, मी इझिकेलकाकांच्या घरी होतो, त्यांना विचारा. पोलिसांनी विचारलंच नाही, आणि बोलावणं आलं की सांगू म्हणून काका थांबून राहिले. खालच्या कोर्टाने समन्स काढलं. समन्स घेऊन माणूस रोह्याला आला तो नेमका दारफळणीच्या सणाला. त्या दिवशी इस्रायल लोक कडक उपास करतात, पांढरे कपडे घालतात आणि दार लावून दिवसभर प्रार्थना करतात. बाहेरच्याशी बोलायचं नाही, कोणासाठी दार उघडायचं नाही. दारावरची थाप काकांनी ऐकली होती. पोस्टमन असंल, उद्या येईल, असं मनाशी म्हणून ते प्रार्थनेला लागले. त्या माणसाने रस्त्यावर कोणाला तरी विचारलं. उत्तर मिळालं, "इस्रायलांचं घर बंद? मग गेले असतील इस्रायलला. सगळेच गेले." आमच्याकडे इस्रायलांच्या बंद दाराचा दुसरा अर्थ कोणाला सुचतच नाही. एकामागून एक कुलपं लागत गेली ती सगळ्यांनी बघितली आहेत. त्या माणसाने कागदावर लिहिलं, साक्षीदार देश सोडून गेला.

पुढच्याच आठवड्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ठाण्याला पुतण्याकडे गेले आणि दोन महिने तिथेच राहिले. विष्णू कच्च्या कैदेत, नूतन पेणला आईकडे. ती एकदा येऊन बघून गेली, तर दाराला खरंच कुलूप. तिलाही खरं वाटलं. शिक्षा झाली, अपील लागलं, जामीन मिळाला. विष्णू घरी आला तेव्हा काका ओटीवर कांदे निवडत बसलेले.

"काका, तुम्ही हितं?"

"मग कुठं असणार?" काका म्हणाले, आणि मग सगळं कळल्यावर ती थाप त्यांच्या कानांत परत वाजायला लागली ती थांबेचना.

शुक्रवारी दुपारी शीरा शनिवारचा स्वयंपाक आधीच उरकत होती. शीरा काकांची मुलगी, इस्रायलमध्ये अश्दोदला वकिली करते. बापाला कायमचं न्यायला आली होती. मराठी तिची अजून रोह्याचीच होती, फक्त मध्येच एखादा शब्द शोधायला थांबायची.

"पप्पा, तुम्हाला वाटतं वरचं कोर्ट म्हणजे सगळं नव्याने सुरू. तसं नसतं."

"मग कसं असतं?"

"प्रत्येक देशात वेगळं. फ्रान्समध्ये मोठा गुन्हा असला तर वरती खरंच सगळा खटला पहिल्यापासून चालवतात. साक्षीदार परत बोलावतात. इंग्लंडमध्ये मोठ्या खटल्यात बारा साधी माणसं निकाल देतात. त्यांनी दोषी म्हटलं की वरचे जज्ज एवढंच बघतात, ह्या निकालावर विसंबता येईल की नाही. आमच्याकडे वरचं कोर्ट म्हणतं, खालच्या जज्जने साक्षीदाराचं तोंड बघितलंय, आम्ही नाही बघितलं. त्याने कोणावर विश्वास ठेवावा त्यात आम्ही सहसा पडत नाही."

"आणि हितं?"

"इथे पहिल्या अपिलात जज्ज सगळा पुरावा पुन्हा तोलून बघतो, हे चांगलं आहे. पण वाचून तोलतो. ऐकून नाही. नवीन साक्षीदार घेतात ते क्वचित, अगदीच अन्याय होईल असं वाटलं तर. तुम्हाला बोलावलंय म्हणजे मोठी गोष्ट आहे."

"माझं तोंड खाली कुणी बघितलंच नाय," काका म्हणाले. "उद्या बघू दे."

शीराने गॅस बारीक केला आणि बापासमोर येऊन बसली.

"पप्पा, उलटतपासणीत काहीही विचारतील. त्या दुपारी विष्णू एक मिनिटसुद्धा नजरेआड झाला नाही ना?"

काकांनी टेबलावरचा पोह्याचा एक दाणा बोटाने उचलला.

"माझा डोळा लागला होता," ते म्हणाले. "तिच्या उशाशी बसल्या बसल्या. किती वेळ ते नाय माहीत."

शीराचा चेहरा उतरला. "अंतराला सांगितलंत?"

"तिनं विचारलं नाय."

"विष्णूला?"

"त्याला माहीत हाय. त्यानं अंगावर चादर घातली होती."

शीरा उठली, परत बसली. "खोटं बोला असं मी सांगणार नाही. पण नाही विचारलं तर आपणहून सांगू नका. ऐकताय ना? ह्या एका गोष्टीवर सगळं कोसळेल. आरोपी घरात होता हे सांगणारा एकच माणूस, आणि तो झोपलेला!"

"विचारलं तर सांगीन," काका म्हणाले. "आणि उद्या मी येतोय. जीव वाचवायचा असंल तर शब्बाथ मोडता येतो. तीन वर्षं म्हणजे जीव हाय की नाय, ते ठरवणारा मी कोण? पण गरज पडंल तेवढंच मोडीन. त्याच्यापेक्षा जास्त नाय."

शनिवारी सकाळी काकांना हात लावावा लागू नये म्हणून विष्णूने गाडीचं दार उघडून धरलं. काका आत बसले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. विष्णूच्या हातात रेक्झिनची बॅग होती. दोन लुंग्या, टॉवेल, दंतमंजन, आणि नूतनने रात्री केलेला पोह्यांचा चिवडा. अपील फेटाळलं की जामीन संपणार. तसं निकालाला अजून वेळ होता, पण विष्णू कोर्टात रिकाम्या हाताने जायला तयार नव्हता.

"कशाला ती पिशवी?" शीराने विचारलं.

"आधी एकदा अंगावरच्या कपड्यांनी नेलं होतं," विष्णू म्हणाला.

निडी मागे पडलं, नागोठणं मागे पडलं. मागे शीराशेजारी नूतन बसली होती. पेणला अंतराला घेतलं आणि गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली.

पुकारा व्हायला दुपार कलली. काका पिंजऱ्यात उभे राहिले. डोक्यावर टोपी, अंगात दीनाकाकींनी शिवलेला पांढरा सदरा. अंतराने विचारलं ते त्यांनी नीट सांगितलं. दीना कशी गेली, विष्णू कसा आला, मयताजवळ कोण बसलं, समन्सच्या दिवशी दार का उघडलं नाही. साहेब खाली बघून लिहून घेत होते. टायपिस्टच्या बोटांचा आवाज तेवढा चालला होता.

मग सरकारी वकील उठले. पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस.

"आजोबा, शनिवारी तुम्ही गाडीत बसत नाही. आज कसे आलात?"

"गाडीनंच."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं.

"म्हणजे धर्म मोडलात."

"व्हय."

"आरोपीसाठी धर्म मोडलात. मग आरोपीसाठी थोडं खोटं बोलायला काय हरकत आहे?"

काकांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. "साहेब, एक मोडलंय ते मलाच जड झालंय. त्याच्यावर दुसरं कशाला चढवू?"

"बरं. त्या दिवशी आरोपीला दिवा लावायला तुम्ही सांगितलंत?"

"नाय. शनिवारी मी कुणाला काम सांगत नाय. मी म्हटलं, तिच्या उशाशी अंधार हाय."

"कोणाला म्हटलंत?"

"हवेला."

आता सगळेच हसले. साहेबही किंचित. सरकारी वकील हसले नाहीत. त्यांनी हसू विरेपर्यंत वाट बघितली.

"शनिवारी तुम्ही मोबाइल वापरत नाही."

"मोबाइल नायच माझ्याकडं."

"घड्याळ?"

"भिंतीवरचं बंद पडलं होतं. त्या दिवशी कोण बघतो घड्याळ?"

"मग पाच वाजता आरोपी तुमच्या घरात होता, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"दुपारपासून तारे निघेपर्यंत तो होताच. मधले पाच त्यातच आले."

"संपूर्ण वेळ? तुमच्या नजरेसमोर?"

काकांनी उत्तर द्यायला उशीर केला. सरकारी वकिलांच्या ते लगेच ध्यानात आलं. ते एक पाऊल पुढे आले आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "वय झालेलं. सकाळपासून उपाशी असाल. घरात एवढं दुःख. आजोबा, त्या दुपारी तुमचा डोळा लागला होता का?"

अंतराने फाइलमधून मान वर केली. शीराने डोळे मिटले. नूतनने पदराचं टोक मुठीत आवळलं. काकांनी विष्णूकडे बघितलं. विष्णू बॅग पायांत धरून खाली बघत होता. वर बघितलं असतं तर काका कदाचित डळमळले असते, आणि हे त्यालाही कळत असावं.

"लागला होता," काका म्हणाले.

टायपिस्टची बोटं क्षणभर थांबली आणि परत चालू झाली.

"किती वेळ?"

"नाय सांगता यायचं."

"तास? दोन तास? तीन?"

"असंल. नाय माहीत."

"म्हणजे तेवढ्या वेळात आरोपी कुठे होता ते तुम्हाला माहीत नाही."

"मी झोपलो होतो, साहेब. झोपलेल्या माणसाला काय माहीत असणार?"

"बास," सरकारी वकील म्हणाले आणि बसले. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

नूतन दाराकडे बघायला लागली. तिथे पोलीस उभा होता. तो नेहमीच तिथे उभा असतो, पण आता तो तिला विष्णूसाठीच उभा असल्यासारखा वाटला.

साहेबांनी पहिल्यांदाच कागदावरची नजर काढून काकांच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"झोप लागली तेव्हा आरोपी काय करत होता?"

"दिव्यात तेल घालत होता."

"आणि जाग आली तेव्हा?"

"दिव्यात तेल घालत होता."

मागे कोणीतरी परत हसलं. साहेबांनी हात वर केला, हसू थांबलं.

"कसला दिवा?"

"मयताच्या उशाशी ठेवतात तो, साहेब. काचेचा पेला. खाली पाणी, वर बोटभर तेल, तेलावर वात तरंगते. दर शुक्रवारी दीना वाती वळून ठेवायची. त्या दिवशी एकच उरली होती. ती विष्णूनं पेटवली. पेला लहान. तासाभरात तेल आटतं. वेळेवर तेल नाय पडलं तर वात पाण्याला टेकते आणि विझते. भिजलेली वात मग पेटत नाय. मला शनिवारी तेल घालता येत नाय, म्हणून तो बसला होता."

"आणि तो दिवा किती वेळ जळला?"

"रात्री आमचे लोक येईपर्यंत. त्याच वातीवर. मी जागा झालो तेव्हा जळत होता, तारे निघाले तेव्हा जळत होता. रोह्याहून पेणला जायचं, हाणामारी करायची आणि परत यायचं, तेवढ्यात तो पेला दोनदा कोरडा झाला असता."

सरकारी वकील उठले. "साहेब, आरोपी आणि साक्षीदार शेजारी राहतात. आरोपी जामिनावर आहे. दिव्याची ही कथा ओटीवर बसून कधीही रचता येते."

साहेब उत्तर न देता खालच्या कोर्टाचे कागद उलटायला लागले. एक एक पान. पंख्याने पानं उडत होती, ती ते अंगठ्याने दाबत होते. शेवटी एका पानावर थांबले.

"खालच्या कोर्टात आरोपीला विचारलं होतं, तुला काही सांगायचं आहे का. त्याचं उत्तर इथे आहे." त्यांनी वाचलं, "मी काकांच्या घरी दिव्यात तेल घालत बसलो होतो."

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्या ओळीकडे तेव्हा कोणी बघितलेलं दिसत नाही. मीही परवा वाचली तेव्हा मला काही उमगलं नव्हतं. कोण चार-पाच तास दिव्यात तेल घालत बसतो?" साहेब सरकारी वकिलांकडे वळले. "हा जबाब झाला तेव्हा आरोपी कैदेत होता, आणि साक्षीदार देश सोडून गेला असं तुमच्याच कागदात आहे. मग ही कथा कोणत्या ओटीवर रचली?"

सरकारी वकील पेनचं टोपण काढून उभेच राहिले.

जबाब वाचून दाखवला गेला. क्लार्कने कागद आणि पेन पुढे केलं. "सही करा, आजोबा."

काकांनी हात मागे घेतला.

"आज लिहिता येत नाय. तारे निघाले की करीन."

अंतराच्या तोंडून "काका!" निघालं. शीरा पुढे होऊन हलक्या आवाजात म्हणाली, "पप्पा, गाडीत बसून आलात, आता एका सहीने काय होतंय?"

"गाडीत बसल्याशिवाय येता येत नव्हतं. सही दोन तासांनी करता येते. गरजेपुरतंच, म्हटलं होतं ना मी?"

सरकारी वकिलांना धागा मिळाला. "माझी हरकत आहे. सही न करता हे उठून गेले तर सोमवारी म्हणतील, मी असं बोललोच नाही. जबाब आजच पुरा झाला पाहिजे."

साहेबांनी घड्याळ बघितलं, मग टेबलावरचा फायलींचा ढीग बघितला.

"मला जाण्याआधी हे सगळं उपसायचंय. उशिरापर्यंत बसणारच आहे. तारे किती लागतात?"

"तीन," काका म्हणाले.

"तिन्ही निघाले की या. वकीलसाहेब, तुम्हीही थांबा."

कोर्टाच्या आवारात माघाची थंडी पडायला लागली. गर्दी पांगली. काका आंब्याखालच्या कट्ट्यावर बसले, विष्णू शेजारी उभा. सरकारी वकील गाडीची किल्ली बोटावर फिरवत पाच पावलांवर येरझाऱ्या घालत होते.

"तो बघ एक," काका म्हणाले. "आणि तो दुसरा."

"दुसरं विमान हाय, काका. हलतंय."

"डोळे नवीन केले तरी फसवतात. तूच बघ."

थोड्या वेळाने विष्णू म्हणाला, "दोन झाले."

"तिसरा?"

नूतन मागून पुटपुटली, "म्हणा की हाय. काकांना कुठं दिसतंय? साहेब उठून गेले म्हणजे?"

विष्णू मान वर करून बघत राहिला. आत बाकं सरकवल्याचा आवाज आला. शिपाई खिडक्या लावत होता.

"नाय अजून," विष्णू म्हणाला.

नूतनने कपाळावर हात मारला. सरकारी वकिलांची किल्ली फिरायची थांबली. ते विष्णूकडे बघत उभे राहिले. मग त्यांनीही मान वर केली, दोन पावलं मागे सरले, आणि आंब्याच्या शेंड्याकडे बोट केलं.

"तो काय, फांदीच्या वर. झाडाखालून तुम्हाला दिसायचा नाही. इकडे या."

विष्णू तिथे जाऊन उभा राहिला. "हाय," तो म्हणाला. "हाय, काका."

काका उठले, आत गेले, आणि मोडी वळणाच्या अक्षरात सावकाश सही केली.

निकाल पुढच्या बुधवारी होता. विष्णूने तीच बॅग आणली होती. साहेबांनी शेवटचा भाग मराठीत वाचला. केरूने हल्लेखोर पाठमोरा बघितला, त्याचा प्रामाणिकपणा मान्य, पण ओळख पक्की नाही. मोबाइल कोणाच्या हातात होता हे सिद्ध नाही. साक्षीदाराने स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट लपवली नाही, म्हणून बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवायला हे कोर्ट तयार आहे. खालच्या कोर्टासमोर हा साक्षीदार आला असता तर त्यांनाही संशय आलाच असता, आणि संशयाचा फायदा आरोपीचा.

"अपील मंजूर."

विष्णू उभाच. नूतनने अंतराला कोपराने ढोसलं. "मंजूर म्हणजे आपलं की त्यांचं?"

"आपलं गो, आपलं!"

नूतन तिथेच खाली बसली. दारातला पोलीस विष्णूला म्हणाला, "जा की आता. का हितंच राहायचंय?"

बाहेर कट्ट्यावर नूतनने बॅग उघडली, लुंग्यांच्या खालून चिवड्याचा डबा काढला आणि सगळ्यांच्या हातांवर मुठी मुठी ठेवल्या. काकांना जास्त. सगळे खायला लागले. 

"मऊ पडलाय," विष्णू म्हणाला.

"चार दिवस बॅगेत ठेवलात तुम्ही. मऊ नाय पडणार तर काय?"

विष्णूने हात झटकले. "काका, पुढच्या आठवड्यात तुम्ही जाणार. तिकडं शनिवारी दिवा कोण लावंल तुमचा?"

"तिकडे लागत नाही कोणी," शीरा म्हणाली. "घरोघर टायमर असतात. वेळ लावून ठेवली की आपोआप लागतो, आपोआप विझतो."

काकांनी तळहातावरचे शेवटचे चार दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले.

"टायमर मयताजवळ बसतो काय गो?" त्यांनी विचारलं.

विष्णूने हलकी झालेली बॅग खांद्याला लावली आणि काकांसाठी गाडीचं दार उघडायला पुढे गेला. बुधवार होता, तरीही.